जाळरेषेवरचा ओंडका

नानांचा फोन आला तेव्हा मी चोपड्याच्या ऑफिसात मजुरांचा हजेरीपट भरत होते. मी वनरक्षक, आणि नाना म्हणजे माझ्या बीटवरचे, माझ्या ताब्यातल्या जंगलावरचे, वनमजूर. पन्नाशी उलटलेली, अंगानं काटक, आणि फोनवर तीन वाक्यांच्या वर न बोलणारे.

"बाई, वरला कोपरामा धूर शे. पट्कन या."

फोन ठेवला आणि लगेच मोबाईल पुन्हा वाजला. उपग्रहाचा संदेश होता. वणव्याची सूचना, आमच्या टेकडीचे अक्षांश-रेखांश. नेहमी असंच होतं. उपग्रहाला वरून जे दिसतं ते नानांना ओट्यावरून दिसतं, आणि नानांना आधी दिसतं.

तो संदेश आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांनाही जातो. त्यांचा फोन येईपर्यंत मी बूट घालून जिन्यात पोचले होते.

"मॅडम, तुमच्या बंद क्षेत्रात?"

"हो साहेब. निघालेच."

"कोणाचं काम?"

मी एका हातानं पर्समध्ये गाडीची चावी शोधत होते. चावी सापडत नव्हती, जिन्यात ऊन होतं, आणि साहेब उत्तराची वाट बघत होते.

"अक्का असणार," मी म्हटलं. "महूवाली. जाळी नको म्हणत होती तीच."

"नाव लिहून ठेवा. मी संध्याकाळपर्यंत पोचतो. या वेळी सोडायचं नाही कोणाला. वरून फार विचारणा आहे."

चावी सापडली. मी निघाले. जागा पाहिली नव्हती, धूरही पाहिला नव्हता, आणि सत्तर वर्षांच्या बाईचं नाव मी देऊन बसले होते.

चोपड्यापासून ती टेकडी मोटारसायकलवर पाऊण तासाची. निम्मा रस्ता केळीच्या बागांमधून जातो. मी अशाच बागेत वाढले. माझ्या माहेरी डोंगर म्हणजे उत्तरेला दिसणारी निळी रेघ, त्यापलीकडे कोणाला काही देणंघेणं नव्हतं. विहिरीला पाणी कुठून येतं हे घरात कोणी विचारलेलं मला आठवत नाही. नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं पिंपळनेरकडच्या डोंगरात गेली. तिथे एक गोष्ट कायमची शिकले. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. सपाटीवर तिच्याशी भांडता येतं, चढावर फक्त बाजूला होता येतं.

या टेकडीचा वरचा उतार सात वर्षांपूर्वी बंद केला. तोपर्यंत तिथे गुरांच्या वाटा आणि दगड सोडून काही उरलं नव्हतं. मग डोंगर वाचवायच्या योजनेत त्याचा नंबर लागला. पाऊस कमी दिवसांत आणि जास्त जोरानं पडतो, माती वाहून जाते, उन्हाळा लवकर लागतो, म्हणून डोंगरमाथे आधी झाकले पाहिजेत, असं जळगावच्या प्रशिक्षणात आम्हाला पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. चित्रं कुठल्या तरी बर्फाच्या डोंगरांची होती. पण मुद्दा खरा होता. आम्ही उतारावर आडवे चर खणले, चराई बंद केली, कुऱ्हाड बंद केली. रोपं लावली त्यातली निम्मी मेली, पण जमिनीत जुनी मुळं होती ती आपणहून फुटली. साग, धावडा, अंजन. पाचव्या वर्षी खालच्या नाल्यातला झरा होळीपर्यंत टिकला. सहाव्या वर्षी अक्षय तृतीयेपर्यंत. गावातल्या बायकांचा पाण्याचा फेरा अर्ध्यावर आला. कागदावर सांगण्यासारखं माझ्या नोकरीत फार काही नाही. हा उतार आहे.

आणि त्याच उताराच्या खालच्या कडेला अक्काची तीन महूची झाडं.

मोहाला आमच्याकडे महू म्हणतात. या गावात प्रत्येक झाडाला घर ठरलेलं असतं. कागद नाही, पण गावात कोणालाही विचारा, हे झाड कोणाचं ते सांगेल. फुलं पहाटे गळतात, सकाळी वेचायची. खाली वाळलेल्या पानांचा थर असला तर फूल दिसत नाही, म्हणून आधी पानं जाळून जमीन काळी करायची. काळ्या जमिनीवर पिवळट फूल लांबून दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं. आणि डोंगरातले निम्मे वणवे या अशाच जाळण्यातून सुटतात, हेही तितकंच खरं.

म्हणून खात्यानं जाळ्या दिल्या. झाडाखाली हिरवी जाळी पसरायची, फुलं तिच्यावर पडतील, जाळायची गरज नाही. मी स्वतः गावात वाटल्या. महिन्याभरानं फिरले तर एक जाळी कोंबड्यांच्या खुराड्यावर, एक मिरचीच्या वाफ्यावर, आणि दोन जोडून एका हळदीच्या मांडवाला लावलेल्या. मांडवाखाली मला जेवायलाही बसवलं. अक्काची जाळी तेवढी घडी मोडल्याशिवाय तिच्या दाराशी पडलेली.

"हाई काय कामनी नई," ती म्हणाली.

"का?"

"उतारवर जाळी टाकी का फुलं बठ्ठा खाले घरंगळतस. वरला झाड मन्हं, खालनं मन्ही जाऊनं. मन्हा फुलं तिन्हा जाळीमा. मंग काय, फुलं लई कोर्टमा जावानं का आम्ही?"

योजना लिहिणाऱ्यानं सपाट जमिनीवरचं झाड डोळ्यांपुढे ठेवलं होतं. मी बांबू आणले, जाळीची खालची कड दोन हात उचलून बांधून दाखवली, म्हणजे फुलं आतच राहतील. अक्कानं बांबू हलवून बघितले, माझ्याकडे बघितलं.

"तुले येस व काही काही," ती म्हणाली. "बरं. आवंदा मी काडी लावाव नई. पुढला सालनं पुढला साल."

हा शब्द तिनं मला दिला होता. आणि जिन्यात मला तो आठवलाही नव्हता.

धूर शेवटच्या पाड्यापासूनच दिसायला लागला. काळा नव्हता, पिवळट पांढरा. म्हणजे गवत आणि पानं. गाडी नाल्याशी टाकली आणि चढायला लागले. वारा नव्हता हे नशीब. पण ऊन असं होतं की होळी यायची आहे यावर विश्वास बसू नये. महूनंही त्या वर्षी घाई केली होती. एरवी होळीनंतर गळणारी फुलं होळीच्या आधीच गळत होती.

नाना पाठीवर ब्लोअर बांधून आगीच्या डाव्या बाजूनं पानं उडवत होते. गावातली दहाबारा माणसं ओल्या डहाळ्या घेऊन कडेकडेनं आग झोडपत होती. आणि त्यांच्या सगळ्यात पुढे, लुगड्याचा काष्टा वर खोचून, पळसाची डहाळी दोन्ही हातांनी आपटत अक्का उभी होती. कपाळावरचे केस करपलेले.

मी तिच्याजवळ गेले आणि ओरडले, "अक्का, शब्द दिला होता ना? काय करून ठेवलं हे?"

तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "आधी हाई आग आटप. मंग भांड मन्हासंगे."

मी डहाळी उचलली.

आग बघितली तर दोन तोंडांची होती. खालचं तोंड हळू उतरत होतं, त्याला माणसं पुरेशी होती. वरचं तोंड झऱ्याच्या डोक्यावरच्या बांबूकडे निघालेलं. बांबू पेटला असता तर माथा गेला असता, आणि माथा गेला तर सात वर्षं गेली. त्याच्यापुढे पळण्यात अर्थ नव्हता. मी नानांना हाक मारली.

"नाना, वरच्या चराशी! चरापासून उलटी आग सोडू."

"बाई, उलटी आग बिघडनी तर?"

"बिघडली तर असंही जळणारच आहे."

आम्ही दोघं बाजूनं लांबचा वळसा घेऊन वर गेलो. सगळ्यात वरचा चर आम्ही दिवाळीनंतर साफ केला होता, त्यात पाला कमी होता. नानांनी ब्लोअरनं चराच्या वरची पट्टी झाडून काढली. मी चराच्या खालच्या कडेला काडी लावली. दहा-दहा पावलांवर एक. माझी आग आधी जागच्या जागी कुरकुरत राहिली, मग खालून येणाऱ्या आगीनं हवा ओढली तशी तिच्याकडे सरकायला लागली. त्या दोघी एकमेकींकडे निघाल्या आणि मी चरात उभी राहून वर उडणाऱ्या ठिणग्या मोजल्यासारख्या बघत होते. दोन ठिणग्या आमच्या डोक्यावरून मागे गेल्या. एक नानांनी बुटानं चिरडली. दुसरी दगडावर पडली.

मग दोन्ही आगी भिडल्या, एकदम मोठा जाळ झाला, आणि खायला काही न उरल्यानं बसल्या.

मी खाली बसले. नानांनी बाटली दिली, पाणी चहाइतकं गरम झालेलं. बांबू वाचला होता. मधला उतार काळा झाला होता, सगळा नाही पण बराच. खालची माणसं तेवढ्यात आपली बाजू विझवून बसली होती. घड्याळात चार वाजायला आले होते.

आता काम उरलं ते आग कुठून लागली ते बघायचं. हे शिकवलेलं असतं आणि अवघड नसतं. आग ज्या बाजूनं येते ती दगडाची बाजू काळी होते, मागची बाजू राखाडी राहते. उभी जळलेली गवताची ताटं एका अंगानं जास्त जळतात. दगड वाचत वाचत उलटं चालत जायचं. मी खाली अक्काच्या झाडांकडून सुरुवात केली, कारण माझ्या मनात अक्काचं नाव ठरलेलं होतं आणि मला फक्त पुरावा हवा होता.

तिची जाळी तिथेच होती. बांबूंवर बांधलेली, खालची कड दोन हात वर, मी दाखवली तशी. वरच्या बाजूची दोरी जळून जाळीचा कोपरा वितळून लोंबत होता. आत त्या सकाळी वेचायची राहिलेली थोडी फुलं, भाजलेली. जाळीखाली वाळलेल्या पानांचा थर तसाच, अर्धा जळलेला. तिनं पानं जाळली नव्हती. आग तिच्या झाडापर्यंत वरून आली होती.

मग दगड वाचत वर चढले. नाना मागोमाग आले. दगड मला उजवीकडे घेऊन गेले, आणि उजवीकडे काय आहे ते मला माहीत होतं.

तिथे आमची जाळरेषा होती. बंद क्षेत्राभोवती दरवर्षी एक पट्टा कापून, गवत वाळवून, सकाळच्या गारव्यात जाळून टाकायचा, म्हणजे बाहेरची आग आत येत नाही. हे काम थंडी असतानाच उरकायचं असतं. पण मजुरांची मंजुरी उशिरा आली, ब्लोअर दुरुस्तीला गेला तो लवकर परत आला नाही, आणि थंडी त्या वर्षी मंजुरीसाठी थांबली नाही. पट्टा मी जाळला तो या वणव्याच्या दोन दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तपासणी होती म्हणून सकाळी नवाला थांबायचं ते अकरापर्यंत जाळत राहिले.

पट्ट्याच्या आतल्या कडेला तो ओंडका पडला होता. सलईचं जुनं झाड, गेल्या पावसात उन्मळलेलं, आतून पोकळ. गाव होळीसाठी उभं झाड तोडतं, ते थांबावं म्हणून माघात मीच त्यांना तोंडी सांगितलं होतं, हा पडका ओंडका घ्या आणि हिरव्याला हात लावू नका. ते खूश झाले. ओंडक्याला कुंकू लावलं, वर एक दगड ठेवला. त्या गावात होळीला दिलेलं लाकूड होळीच्या दिवसापर्यंत जागचं हलवत नाहीत. पट्टा जाळताना मी म्हटलं, ओंडका बाहेर ओढा. मजुरांनी हात मागे घेतले.

"होळीनं शे ते, बाई. आते हात लावाता येवाव नई."

वाद घालायला वेळ नव्हता. मी म्हटलं, बरं, राहू द्या, भोवती दोन हात जागा खरवडा. त्यांनी खरवडली. मी स्वतः बघितलं. ओंडका बाहेरून कोरडा, शांत होता.

आता त्याच्या एका तोंडातून बारीक धूर येत होता. मी बुटानं हलवलं तर आतून पांढरी राख भसकन बाहेर आली आणि मागोमाग निखारा दिसला. दोन दिवस तो आतल्या भुशात धुमसत होता. कुंकवाची बोटं अजून दिसत होती. ओंडक्याच्या त्या तोंडापासून काळी जीभ निघून वर उतारावर गेली होती. लहान मुलालाही समजलं असतं.

नाना उकिडवे बसले. राखेत काडी फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कुऱ्हाड आनस मी. दोन घाव घालसूत, फोडी टाकसूत. कोनले काय समजनार शे?"

"आणि अक्का?"

"तिले काय व्हनार शे? समज देतीन, अंगठा लई लेतीन, सोडी देतीन. सत्तर वरीसनी बाईले कोन जेलमा टाकस?" थांबून म्हणाले, "तुमनं तसं नई. तुमले नोटीस येई. माले तर कामवरच येऊ देवाव नईत."

ते खरं बोलत होते. त्या दिवशी पट्टा जाळायला तेही होते. पण अक्काचं काय होईल हे त्यांनी अर्धंच सांगितलं होतं. गुन्ह्यात नाव आलं की बंद क्षेत्रात पाय टाकायला बंदी. तिची तिन्ही झाडं आतल्या बाजूला. म्हणजे गळणारी फुलं कुंपणाबाहेर उभं राहून बघायची. तिच्या घरात दुसरं वेचणारं कोणी नव्हतं. वर्षाची मीठमिरची ती त्या फुलांवर काढायची, आणि मुख्य म्हणजे ती झाडं तिच्या सासूनं तिला दाखवून दिलेली होती.

मला मोठेपणा करायचा नव्हता. खरं सांगायचं तर मी कुऱ्हाडीचा विचार केला. नाना उठले असते तर मी थांबवलं असतं की नाही, सांगता येत नाही. पण खाली जीपचा आवाज आला आणि विचार करायची वेळ संपली.

साहेब दोन माणसांना घेऊन वर चढले. वाटेतच त्यांनी अक्काला सोबत घेतलं होतं. ती त्यांच्या मागून निवांत येत होती, हातात अजून ती डहाळी. साहेब तरुण आहेत, शिकलेले आहेत, माणूस वाईट नाही. दमले होते. फाईल उघडून त्यांनी कोरा अहवाल काढला.

"अक्का, आग कशी लागली?"

"माले काय इचारतस, भाऊ? तुमनी बाईले इचारा. ती बठ्ठं सांगस."

"तुमच्या बाईंनीच तुमचं नाव सांगितलंय."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात नाणं दाताखाली धरून बघतात तसं.

"आस्सं," ती म्हणाली. "जागा बघी सांगं का बिनबघता?"

तिच्या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते तिच्यापेक्षा साहेबांना ऐकवायला हवं होतं.

"न बघता सांगितलं," मी म्हटलं. "साहेब, दुपारी मी जे बोलले ते चुकलं. इकडे या."

मी त्यांना ओंडका दाखवला. राख, निखारा, काळी जीभ. मग खाली नेऊन जाळी दाखवली, तिच्याखालची न जाळलेली पानं दाखवली. साहेब प्रत्येक ठिकाणी वाकून बघत होते. परत वर आल्यावर त्यांनी मला थोडं बाजूला घेतलं.

"मॅडम, काय म्हणताय कळतंय ना? खात्याच्या जाळरेषेतून खात्याच्या बंद क्षेत्राला आग. हे वर जाणार. योजनेच्या कागदावर हा उतार नमुना म्हणून आहे."

"कळतंय."

"मग 'अज्ञात इसम' लिहा. म्हातारीचं नाव नको, तुमचंही नको. विषय संपला."

अज्ञात इसम. आमच्या अहवालांत हा माणूस सगळ्यात जास्त वणवे लावतो. मीही त्याचं नाव अनेकदा लिहिलं होतं. मनात एकदम सुटल्यासारखं झालं. मग पुढचं आठवलं.

"अज्ञात इसम लिहिलं की क्षेत्र सगळ्यांनाच बंद होतं, साहेब. या हंगामाची वेचणी पूर्ण गावाची बंद. जाळ्या ज्यांनी लावल्या त्यांचीही."

"नियम आहे तो."

"आहे. म्हणून अज्ञात लिहायचं नाही. पुढच्या वर्षी मी जाळ्या घेऊन गेले तर कोण दार उघडेल? अक्कानं ऐकलं, आणि ऐकूनही तिचीच झाडं गेली, हे दिसेल सगळ्यांना. मग परत काड्या लागतील. आणि तेव्हा मला काही बोलता येणार नाही."

मी फाईलसाठी हात पुढे केला. त्यांनी थोडा वेळ ती धरून ठेवली, मग दिली.

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं. जाळरेषा नियत वेळेनंतर, जास्त उन्हात जाळली. पट्ट्याच्या कडेचा पोकळ ओंडका बाहेर काढला नाही. तो सोडण्याचा निर्णय बीट वनरक्षकाचा, मजुरांचा नाही. खाली माझी सही. नाना पाठीमागून वाचत होते. त्यांना वाचता येतं, पण बोट फिरवत वाचतात. 'मजुरांचा नाही' या शब्दांवर बोट थांबलं आणि त्यांनी पागोटं काढून परत बांधलं.

"लिहिलंत तर लिहिलंत," साहेब म्हणाले. "मंजुरी कोणत्या दिवशी आली तेही लिहा. उशीर काही तुमच्या एकट्याचा नाही." आणि आपल्या माणसाला म्हणाले, "ओंडक्याचे फोटो घे. कुंकू दिसेल असे."

अक्का सगळं ऐकत दगडावर बसली होती. मी तिच्याजवळ गेले. माफी मागायला गेले आणि भलतंच बोलले.

"अक्का, उद्या वेचायला या. तुमच्यावर काही नाही."

"मन्हावर काल बी काही नव्हतं," ती म्हणाली. डहाळी टाकली आणि उतरायला लागली.

ओंडक्यावर आम्ही माती आणि पाणी टाकून तो विझवला. गावानं नंतर काय ते ठरवलं. काही म्हणाले, अर्धं जळालेलं लाकूड होळीला चालत नाही. काही म्हणाले, होळीचंच होतं, आधी पेटलं एवढंच. शेवटी त्यांनी बाभळीच्या काटक्या आणि गोवऱ्यांवर होळी केली. उभं झाड तोडलं नाही. मी तिथे नव्हते, नानांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळलेलं क्षेत्र मोजायला गेले. टेकडीवर जळकट वास होता आणि पायाखाली राख अजून कोमट. अक्का माझ्या आधी आली होती. तिचं वरचं झाड शेंड्याशी वाचलं होतं आणि रात्रभर गळलं होतं. वितळलेल्या जाळीत थोडी फुलं होती, पण बरीचशी बाहेर पडली होती. काळ्या जमिनीवर. एकेक फूल लांबून दिसत होतं.

ती वाकून वेचत होती, टोपली पुढे सरकवत. माझी चाहूल लागली तरी मान वर केली नाही.

"आवंदा चांगली साफसफाई करी दिधी तू, गार्डबाई," ती म्हणाली. "मन्हाकडून तर इतली कधी व्हयनी नई."

मी फुलांवर पाय पडणार नाही अशा बेतानं झाडाला वळसा घातला आणि मोजणीची साखळी सोडली.

महिन्याभरात नोटीस आली. उत्तर दिलं. दोन वेतनवाढी थांबल्या. बीट तेच राहिलं, कारण तिथे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. आता होळीचं लाकूड मी माघातच डोंगराखाली उतरवून गावातल्या पाराशी टाकते, कुंकू लागायच्या आधी. जाळरेषा मंजुरी येवो न येवो, थंडीत सुरू करते, आणि तसं आधी लेखी कळवते. काळा झालेला उतार दोन पावसांत पुन्हा फुटला. झरा मात्र त्या साली होळीनंतर आठवड्यातच आटला, आणि बायकांचा पाण्याचा फेरा पुन्हा लांब झाला. त्यात अक्काही होती. वाटेत भेटली की डोक्यावरचा हंडा न उतरवता विचारायची, "काय गार्डबाई, आज कोन्हं नाव सांगं?"